टर्बो आधी रुळांवर आला

१६ जुलै १९७७ रोजी सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये रेनो कंपनीची एक पिवळी गाडी उतरली. चालक झाँ-पिएर जाबुई, गाडीचं नाव आरएस-०१. चालकाच्या पाठीमागे दीड लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि त्याला टर्बोचार्जर जोडलेला होता. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो लावून धावलेली ही पहिली गाडी. अर्धी शर्यतही झाली नव्हती तेव्हा टर्बोनंच दगा दिला आणि गाडी बाहेर पडली. पुढे ती वारंवार पांढरा धूर सोडत थांबायला लागली, तेव्हा तिचं नाव ‘पिवळी किटली’ पडलं. मोटारशर्यतीतलं टर्बोचं युग इथून सुरू झालं, असं बहुतेक पुस्तकं सांगतात.

त्या वर्षी अकोला आणि बडनेरा स्टेशनांत टर्बो ही नवलाची गोष्ट उरलेली नव्हती. मुंबई-हावडा मार्गावर डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिनं धावत होती. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि टर्बोचार्जर. या जातीची पहिली इंजिनं १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली आणि जानेवारी १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल कारखान्यात तयार होऊ लागली. अकोल्याच्या दुसऱ्या अंगाला, पूर्णा ते खांडवा या मीटरगेजवर, त्यांची धाकटी भावंडं धावली. वायडीएम-४ म्हणतात ती हीच. सरळ रांगेतले सहा सिलिंडर आणि तोच टर्बो. मीनाक्षी एक्स्प्रेस ज्यांनी पाहिली आहे, धुळघाटाच्या वळसेदार चढणीवर मेळघाटच्या जंगलात घुमणारा तिचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी टर्बो ऐकलेला आहे.

शर्यतीच्या मैदानात आधी शोध लागतो आणि मग तो झिरपत झिरपत आपल्या गाडीपर्यंत येतो, असं आपण धरून चालतो. गाड्यांच्या जाहिरातींनीही हेच आपल्या मनावर बिंबवलं आहे. टर्बो, फायरिंग ऑर्डर आणि सिलिंडर बंद ठेवण्याचं तंत्र या तिन्हींचा इतिहास तपासला, की वाट उलटी दिसते. जहाज, आगगाडी, ट्रक, शेतावरचं इंजिन यांनी आधी हे धडे गिरवले आणि शर्यतीनं ते त्यांच्याकडून घेतले. वऱ्हाडातल्या माणसाला हा इतिहास परका वाटायचं कारण नाही, कारण त्याचे बरेचसे पुरावे आपल्याच स्टेशनांत आणि गॅरेजांत आहेत.

टर्बोची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात बरीच ताकद शिल्लक असते आणि ती सायलेन्सरवाटे हवेत जाते. त्या धुरानं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबायची. हवा जास्त गेली की तेल जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त ओढतं. कागदावर हे सोपं दिसतं. धुराची उष्णता सोसणारा धातू मिळायला आणि चक्राचे बेअरिंग टिकायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यात ‘प्रॉइसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांवर ब्युखीचे टर्बो चढले आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागलं. पुढे आगगाड्या आल्या, आणि १९३८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीचे ट्रक आले.

शर्यतीत टर्बो आला तोही ट्रकच्याच इंजिनावर बसून. १९५२ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीनं एक डिझेल गाडी उतरवली. इंजिन ट्रकच्या घराण्यातलं, ६.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं. गाडी बुटकी राहावी म्हणून ते जवळजवळ आडवं निजवलेलं होतं. चालक होता फ्रेड अगाबाशियन. पात्रता फेरीत त्यानं ताशी १३८ मैलांची, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटरची सरासरी गाठली आणि पेट्रोल-अल्कोहोलवर चालणाऱ्या खास शर्यतीच्या गाड्यांना मागे टाकून सर्वांत पुढची जागा पटकावली. इंडियानापोलिसमध्ये टर्बो लावून धावलेली ही पहिली गाडी. शर्यतीत मात्र ती २०० पैकी ७१ फेऱ्याच टिकली. टर्बोची हवा ओढण्याची जागा गाडीत फार खाली होती. ट्रॅकवर उडणारे टायरच्या रबराचे तुकडे आणि माती तिथून आत गेली, वाट तुंबली आणि इंजिनाचा श्वास कोंडला. एअर फिल्टर तुंबलेला ट्रॅक्टर ज्यानं चालवला आहे त्याला अगाबाशियनची त्या दिवशीची तगमग समजेल.

ही कमिन्स कंपनी इंडियानापोलिसपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या कोलंबस गावची. शर्यतीनंतर दहा वर्षांनी, १९६२ साली, शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ स्थापन झाली. कोथरूडच्या त्या कारखान्याकडे मराठी माणसानं कारखानदारीचा एक यशस्वी टप्पा म्हणूनच पाहिलं. ज्या घराण्याच्या इंजिनानं इंडियानापोलिसच्या पात्रता फेरीत पहिली जागा पटकावली होती, त्याच घराण्याची इंजिनं आपल्याकडे तयार होऊ लागली, या अंगानं त्याची चर्चा मी मराठीत क्वचितच वाचली आहे.

आता फायरिंग ऑर्डरकडे येतो. या तिन्हींत मला सर्वांत देखणी वाटते ती हीच.

इंजिनात सिलिंडर कितीही असले तरी ते एकदम पेटत नाहीत, एकामागून एक पेटतात. कोणी कोणामागून पेटायचं तो क्रम म्हणजे फायरिंग ऑर्डर. एसटीच्या डेपोत किंवा हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात काम केलेल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला सहा सिलिंडरचा क्रम विचारा. तो झोपेतही सांगेल: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. चार सिलिंडरचा एक-तीन-चार-दोन. टाटाचं ६९७ असो की लेलँडचं इंजिन, एसटीच्या कित्येक पिढ्या याच क्रमावर चालल्या. टॅपेट सेट करतानाही मिस्त्री हाच क्रम वापरतो. क्रम अर्ध्यात तोडून दोन्ही अर्धे एकाखाली एक लिहिले की वर एक-पाच-तीन येतात आणि खाली सहा-दोन-चार. एकाची जोडी सहाशी, पाचाची दोनाशी, तिनाची चाराशी. प्रत्येक जोडीची बेरीज सात. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत्या अवस्थेत आले की पहिल्याचे टॅपेट सेट करायचे, दुसऱ्याचे आले की पाचव्याचे. शाळेत गणितात कच्चा राहिलेला पोरगाही बेरीज सातचा हा नियम पहिल्या आठवड्यात शिकतो आणि जन्मभर विसरत नाही.

हाच क्रम का, दुसरा का नाही? दोन बाया एकाच उखळात मुसळ घालतात तेव्हा एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. ठोके सारख्या अंतरानं पडतात, मुसळावर मुसळ आदळत नाही आणि उखळही हलत नाही. इंजिनातही तेच साधायचं असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश पूर्ण होईपर्यंत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. सहा सिलिंडर असतील तर दर १२० अंशांनी एक ठोका. शेजारशेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटले तर क्रँकच्या एकाच भागावर सारखा ताण येतो, म्हणून क्रम पुढून मागे, मागून पुढे उड्या मारत जातो. एक पुढचा, पाच मागचा, तीन पुढचा, सहा मागचा, दोन पुढचा, चार मागचा.

ब्युखीनं नेमका इथेच हात घातला. सहाही सिलिंडरांचा धूर एकाच नळीत सोडला तर एकाचा जोराचा झोत दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि दोघांचीही ताकद वाया जाते. पुढच्या तिघांची नळी वेगळी आणि मागच्या तिघांची वेगळी ठेवली, की क्रम आलटून पालटून असल्यामुळे प्रत्येक नळीत दर २४० अंशांनी एकच झोत येतो. मागचा झोत चक्रापर्यंत पोचून विरतो तेव्हा कुठे पुढचा निघतो. चक्राला धक्के नेमाने बसतात आणि ते जोरात फिरतं. आज टर्बोच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘ट्विन स्क्रोल’ म्हणून जे मिरवतं त्याचं मूळ हेच. फायरिंग ऑर्डर ठाऊक नसेल तर टर्बोला चांगली नळी जोडताच येत नाही.

डब्ल्यूडीएम-२ च्या सोळा सिलिंडरांतही हीच शिस्त होती. आठ उजवीकडे, आठ डावीकडे आणि दोन्ही रांगांमधला कोन ४५ अंश. क्रम असा: उजवा एक, डावा एक, उजवा चार, डावा चार, मग सात, सहा, आठ, पाच, दोन, तीन याच रीतीनं. समोरासमोरच्या उजव्या-डाव्या सिलिंडरांचे दांडे क्रँकच्या एकाच पिनेवर बसतात. रांगांमधला कोन ४५ अंशांचा असल्यानं उजवा पेटला की बरोबर ४५ अंशांनी डावा पेटतो, आणि ७२० भागिले १६ म्हणजेही ४५. कोन आणि क्रम एकमेकांसाठीच कातलेले. यातल्या एका सिलिंडराचा व्यास २२८.६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव २६६.७ मिलिमीटर. एका सिलिंडराचं पोट जवळजवळ अकरा लिटरचं झालं. रेनोच्या त्या पिवळ्या गाडीची सात इंजिनं अल्कोच्या एका सिलिंडरात मावली असती.

या अल्को इंजिनांची एक खोड रेल्वेकाठी वाढलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. गाडी सुटताना ड्रायव्हर एकामागून एक नॉच वाढवायचा आणि इंजिनाच्या डोक्यावरून काळ्या धुराचा लोट उठायचा. लोकांना वाटायचं इंजिन म्हातारं झालंय. खरं कारण टर्बोत होतं. नॉच वाढला की तेल लगेच वाढतं, टर्बोचं जड चक्र मात्र वेग घ्यायला काही सेकंद घेतं. तेवढा वेळ तेलाला पुरेशी हवा मिळत नाही, ते अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर पडते. चक्रानं वेग पकडला की धूर निवळतो आणि शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू होतो. याच उशिराला शर्यतीच्या जगात ‘टर्बो लॅग’ म्हणतात. जाबुईनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर काहीच करायची नाही आणि मग एकदम उसळायची. वळणाच्या मध्यावर हे झालं तर चालकाच्या अंगावर काटा यायचाच. रेनोनं १९७९ साली एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो लावले. लहान चक्र हलकं, म्हणून लवकर फिरतं. १ जुलै १९७९ ला दिजाँच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जाबुई पहिला आला आणि किटलीची थट्टा थांबली.

लॅगवरचा दुसरा उपायही रुळांवरच आधी सापडला होता. जनरल मोटर्सच्या रेल्वे इंजिनांत १९५० च्या दशकाच्या अखेरीस टर्बोला गिअर आणि क्लच जोडला गेला. धूर कमी असेल तेव्हा क्रँक चक्राला फिरवतो आणि धुराचा जोर वाढला की क्लच सुटून चक्र स्वतःच्या बळावर फिरतं. भारतात या घराण्याची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं १९९९ पासून हुबळीच्या शेडमध्ये आली. २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो परत आला तेव्हा चक्राच्या दांड्यावर वीजमोटर बसवली गेली. धूर कमी पडला की तिनं चक्र फिरवत ठेवायचं आणि धूर जास्त झाला की त्याच मोटरीनं वीज बनवायची. क्रँकची जागा विजेनं घेतली, मूळ विचार तोच राहिला.

१९७९ ते १९८८ या दहा वर्षांबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात उरकतो. १९८३ साली नेल्सन पिके टर्बो इंजिनावर जगज्जेता झाला. टर्बोवर मिळालेलं हे पहिलं जगज्जेतेपद. त्याच्या ब्रॅबहॅम गाडीतलं बीएमडब्ल्यूचं इंजिन चारच सिलिंडरचं होतं आणि रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या ब्लॉकवर पाउल रोशे या अभियंत्यानं ते उभं केलं होतं. बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही चार सिलिंडरच्या जीपसारखाच त्याचाही क्रम एक-तीन-चार-दोन. पुढे पात्रता फेरीत त्या दीड लिटरमधून हजाराहून जास्त अश्वशक्ती निघत असे आणि फेरी संपली की इंजिन बहुधा भंगारात जात असे. ताकद आवरेना, तेव्हा नियम करणाऱ्यांनी तेलाची टाकी लहान करत नेली. १९८४ ला २२० लिटर, १९८६ ला १९५, १९८८ ला टर्बोसाठी १५०. त्या शेवटच्या वर्षी होंडाचं टर्बो इंजिन लावलेल्या मॅकलरेननं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली.

याच वर्षांत वऱ्हाडात काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. मूर्तिजापूर जंक्शनच्या मोठ्या लाईनवरून टर्बोची डिझेल इंजिनं धडधडत जात होती आणि पलीकडच्या नॅरोगेज फलाटावर शकुंतला ही छोटी गाडी वाफेच्या इंजिनावर उभी असायची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं ते झेडडी इंजिन १९२३ पासून अचलपूर आणि यवतमाळच्या फाट्यांवर कापूस आणि माणसं ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. इंजिनांच्या इतिहासातले दोन कालखंड एकाच स्टेशनावर, एकमेकांच्या नजरेसमोर, कित्येक वर्षं नांदले.

तिसरी गोष्ट सिलिंडर बंद ठेवण्याची, आणि ती आपल्या मिस्त्र्यांच्या सर्वांत जवळची आहे.

इंजिन मिसिंग करतंय, धूर टाकतंय, पिकअप नाही, अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजला आली की जुना मिस्त्री आधी पाना घेतो. इंजिन सुरूच ठेवतो. पंपाकडून पहिल्या नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट किंचित ढिला करतो. डिझेल बाहेर झिरपतं, तो सिलिंडर पेटायचा थांबतो आणि इंजिनाचा आवाज पडतो. म्हणजे पहिला ठीक आहे. नट आवळून तो दुसऱ्याकडे जातो. एका नटाशी आल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही. मग तो मान न वळवता पोऱ्याला सांगतो, “हाच मुर्दाड हाय. याले चालू ठेवला काय अन् बंद केला काय, सारखंच.” तपासणी झाली. कॉम्प्युटर नाही, स्कॅनर नाही. एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून उरलेल्यांचं बोलणं ऐकायचं.

रेल्वेच्या डिझेलमध्येही हे करता येत असे. अल्को इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा तेलपंप होता. वाटेत एखाद्याचा पाइप गळायला लागला तर तेवढ्या पंपाचं तेल तोडायचं आणि पंधरा सिलिंडरांवर गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत न्यायची.

तेल वाचवण्यासाठी सिलिंडर बंद ठेवण्याची कल्पनाही जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-युरोपच्या शेतांवर ‘हिट अँड मिस’ नावाची एका सिलिंडरची इंजिनं असत. वेग ठरावीक मर्यादेवर गेला की गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवायचा आणि इंजिन न पेटता नुसतंच फिरायचं. वेग उतरला की पुन्हा एक ठोका. १९१७ च्या सुमारास एंगर नावाच्या अमेरिकी कंपनीनं बारा सिलिंडरची मोटार काढली होती, तिच्यात दांडा ओढून सहा सिलिंडर बंद करता येत. १९८१ मध्ये कॅडिलॅकनं आठ सिलिंडरचं इंजिन गरजेप्रमाणे सहावर किंवा चारवर चालवायचा घाट घातला. त्या काळच्या कॉम्प्युटरला तो वेग झेपला नाही, गाड्या आचके देऊ लागल्या आणि बहुतेक मॉडेलांतून ते इंजिन वर्षभरातच काढून टाकावं लागलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजनं हे काम नीट जमवून दाखवलं.

कोणते सिलिंडर बंद करायचे हे ठरवायला पुन्हा फायरिंग ऑर्डरच लागते. सहाच्या क्रमातून चार, पाच, सहा काढून टाका. उरतात एक-तीन-दोन आणि ठोके दर २४० अंशांना सारखेच राहतात. चारच्या क्रमातून दोन आणि तीन काढा. उरतात एक आणि चार, दर ३६० अंशांना एक ठोका. एक आणि तीन काढले तर? उरलेले चार आणि दोन लागोपाठ पेटतील, मग लांब शांतता, आणि इंजिन थडथडू लागेल. म्हणूनच फोक्सवॅगनच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनात मधले दोन आणि तीन बंद होतात. हे इंजिन असलेल्या टायगून आणि कुशाक २०२१ पासून आपल्या चाकणला तयार होतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला. त्या सपाट रस्त्यावर अशी गाडी एका वेगात धरली की ती चारपैकी दोनच सिलिंडरांवर धावत असते आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

शर्यतीत सिलिंडर कापण्याचा गाजलेला वाद २०११ च्या सिल्व्हरस्टोनचा. तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये आठ सिलिंडरची बिनटर्बोची इंजिनं होती. चालकानं अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही धूर वाहता ठेवायचा आणि तो गाडीच्या बुडाशी फुंकून पकड वाढवायची, अशी युक्ती संघांनी काढली होती. नियामक मंडळ ती बंद करायला निघालं. मर्सिडीजनं सांगितलं, इंजिन टिकावं म्हणून आम्हाला अ‍ॅक्सिलरेटर सुटल्यावर आठपैकी चार सिलिंडर पेटते ठेवावेच लागतात. रेनोनं आपली वेगळी अडचण मांडली. ऐन शर्यतीच्या शनिवार-रविवारी नियम बदलत राहिले. टर्बोच्या इंजिनात हा पेच आणखी अवघड होतो. सिलिंडर कापले तर तेल वाचतं, पण धूर कमी होतो, चक्र मंदावतं आणि पुन्हा वेग घेताना लॅग पुढ्यात येतो. २०१४ पासून तेल तासाला १०० किलोपेक्षा जास्त वापरता येणार नाही असं बंधन आलं, म्हणून हा हिशेब क्षणाक्षणाला करावा लागू लागला. त्या इंजिनांचा आवाज अनेकांना आवडला नाही. त्यामागेही ठोक्यांचाच हिशेब होता. सहा सिलिंडर, रांगांमधला कोन ९० अंश आणि क्रँकला तीनच पिना, हे सगळं नियमानंच बांधून दिलेलं. सम ठोक्यांसाठी १२० अंश हवेत. इथे ठोके एकदा ९० आणि एकदा १५० अंशांवर पडतात. अल्कोच्या अभियंत्यांनी कोन आणि क्रम जुळवून जो सम साधला होता, तो या इंजिनांना नियमानं नाकारला.

भारतातही टर्बोचे ट्रक शर्यतीत उतरले. मार्च २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटा मोटर्सनं प्रायमा ट्रकची पहिली शर्यत भरवली. ट्रकमध्ये कमिन्सची सहा सिलिंडरची टर्बो डिझेल इंजिनं होती. पहिल्या वर्षी चालक परदेशी होते. २०१६ पर्यंत आपल्या महामार्गांवर ट्रक चालवणारे भारतीय चालक तिथे शर्यतीत उतरले. २०१७ मध्ये हजार अश्वशक्तीच्या वरचा ट्रक आला. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय आले ते बऱ्याच पैशांच्या आधारानं. प्रायमाच्या शर्यतीत उतरलेला चालक मूर्तिजापूर-नांदुऱ्याच्या ढाब्यावर जेवणाऱ्यांच्या जमातीतला होता आणि त्याच्या केबिनखालचं इंजिन एक-पाच-तीन-सहा-दोन-चार याच क्रमानं बोलत होतं. आपल्या देशातल्या मोटारशर्यतींच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

विजेच्या तारा आल्या आणि वऱ्हाडच्या मोठ्या लाईनवरून अल्को इंजिनं गेली. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणारी जुनी मीटरगेज बंद पडली. एसटीत विजेच्या बसगाड्या येत आहेत आणि नव्या डिझेल गाड्यांत नोझलचा नट ढिला करून बघण्याची सोयच उरलेली नाही, कारण त्या पाइपांत आता जिवावर बेतेल इतका दाब असतो. रेनो आणि होंडाच्या इंजिनांचा इतिहास सालवार छापला गेला आहे, त्यांची इंजिनं काचेच्या पेटीत जपली आहेत. अकोला, बडनेरा, मूर्तिजापूरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी, अमरावती आणि अकोल्याच्या एसटी डेपोतल्या मिस्त्र्यांनी चाळीस-पन्नास वर्षं कानानं जे ज्ञान सांभाळलं, ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असा निवृत्त लोको पायलट, फिटर किंवा मिस्त्री असेल तर दिवाळीच्या सुटीत त्याच्याजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्याला विचारा: आवाजावरून कोणता सिलिंडर बसलाय हे कसं ओळखायचा? मग त्याला मध्ये न तोडता बोलू द्या.